फाळ : नांगर, मग कुऱ्हाडीचं काय? दांडा की पातं?

प्रश्न असा आलाय. तलाठी आणि पोलीस भरती अशी दोन्हीकडची तयारी करणाऱ्या एकाने टेस्ट सिरीजमधला एक समसंबंध दिलाय, म्हणजे पहिल्या जोडीत जो संबंध आहे तोच दुसऱ्या जोडीत शोधायचा. फाळ : नांगर :: ? : कुऱ्हाड. ऑप्शन चार, दांडा, पातं, लोखंड, लाकूडतोड्या. यांनी दांडा मारला, आन्सर की म्हणते पातं. आता त्यांचं म्हणणं की दांडा पण कुऱ्हाडीचाच भाग आहे ना, मग चुकलं कुठे. पुढे लिहिलंय की 'भाग आणि पूर्ण वस्तू' हा संबंध मला बघताक्षणी कळतो, पण दर वेळी शेवटच्या दोन ऑप्शनमध्ये अडकतो आणि नेमका चुकीचा मारून येतो, तर यावर काही ट्रिक आहे का आणि असे किती प्रश्न सोडवले म्हणजे बास.

मी तालुक्याच्या गावात सोळा वर्षं बुद्धिमत्ता शिकवतोय. सकाळी शिष्यवृत्तीची पोरं, संध्याकाळी भरतीवाले. ही तक्रार मी आठवड्यातून एकदा तरी ऐकतो, शब्द सुद्धा जवळपास हेच असतात. त्यामुळे आधी एक सांगतो, तुमची अडचण संबंध ओळखण्याची नाहीये. संबंध तुम्ही ओळखला आणि ओळखल्याच्या आनंदात तिथेच थांबलात. 'भाग आहे' हे म्हणजे कोणी गाव विचारलं तर 'महाराष्ट्रात' सांगण्यासारखं झालं, खोटं नाही पण घर काही सापडणार नाही.

तुमचाच प्रश्न घेऊ. नांगर डोळ्यासमोर आणा, ट्रॅक्टरचा नाही, लाकडी. मागे शेतकरी हातात धरतो ते रुमणं. पुढे जूपर्यंत जाणारं लांब लाकूड, त्याला प्रत्येक मुलखात वेगळं नाव आहे, कुठे हळस म्हणतात कुठे इसाड. आणि खाली टोकाला बसवलेला लोखंडी फाळ, तो जमिनीत घुसतो. म्हणजे आख्ख्या नांगरात जमिनीला भिडून खरं काम करतो तो फाळ, बाकी सगळे त्याला धरायला, ओढायला आणि दाबायला. आता वाक्य करा: 'फाळ हा नांगराचा तो भाग, जो प्रत्यक्ष कापायचं काम करतो.' हेच वाक्य कुऱ्हाडीला लावा. दांडा कापतो का? नाही, दांडा हातात असतो. पातं कापतं. लोखंड म्हणजे पातं कशाचं बनलंय ते, आणि लाकूडतोड्या म्हणजे कुऱ्हाड चालवणारा. झालं उत्तर.

आता गंमत बघा. प्रश्न जर 'रुमणं : नांगर :: ? : कुऱ्हाड' असा असता आणि ऑप्शन तेच चार असते, तर दांडाच बरोबर होता, कारण रुमणं हातात धरायचं असतं. म्हणजे दांडा हा ऑप्शन चुकीचा नव्हता, तो दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर होता. पेपर काढणारा हुशार असला की तो असाच ऑप्शन टाकतो, निव्वळ मूर्ख ऑप्शन टाकण्यात त्यालाही मजा नसते.

तर ट्रिक म्हणायची तर एवढीच आहे. दिलेल्या जोडीचं तोंडातल्या तोंडात एक पूर्ण वाक्य करायचं, तेही ज्या क्रमाने शब्द दिलेत त्याच क्रमाने, आणि ते वाक्य चारही ऑप्शनला लावायचं. दोन ऑप्शनला लागलं तर वाक्य ढिलं आहे, अजून एक अट घाला. एकालाही लागलं नाही तर फार आवळलंय, एक अट काढा. बैलाच्या कासऱ्यासारखं, ओढायचं आणि सैल सोडायचं. बहुतेक जण एकदा वाक्य केलं की ते दगडावरची रेघ समजतात आणि मग दोन ऑप्शनमध्ये नाणं उडवतात. नाणं उडवायची वेळ आली याचाच अर्थ कासरा अजून ओढायचा राहिलाय.

मराठीत एक जास्तीची अडचण आहे. आपण पोरांना सांगतो 'चा-ची-चे लावून बघ, लागलं तर भाग', मी पण सुरुवातीची काही वर्षं हेच सांगायचो. पण आपलं चा-ची-चे कुणालाही घरात घेतं. झाडाची फांदी, ठीक आहे, भाग आहे. शेतकऱ्याचा बैल, हा भाग नाही, मालकी आहे. सागाची खुर्ची, हा पदार्थ. दुधाची किटली, ही भांडं आणि आतला माल. पुण्याचा पाहुणा, याचं तर काय करणार. त्यामुळे चा-ची-चे लागलं म्हणजे काहीच सिद्ध होत नाही, त्यापुढे 'कसला?' हा प्रश्न विचारायचाच.

हे मला कुणी शिकवलं ते सांगतो. पावसाळ्यातली सकाळ, लाईट गेलेली, फळ्यावरचं मागच्या बाकाला दिसेना म्हणून मी खिशातला खटक्याचा साधा पेन काढून टेबलावर उघडला आणि पोरांना भोवती बोलावलं. खालची नळी, वरची नळी, स्प्रिंग, रिफिल, खटका, खिशाला अडकवायची क्लिप, सगळं ओळीने मांडलं. म्हटलं सांगा यातले पेनचे भाग कोणते. सगळे. मग मी म्हटलं, आणि शाई? अर्धा वर्ग हो म्हणाला आणि खरं सांगायचं तर मी पण हो म्हणणार होतो, कारण माझ्या जुन्या वहीत 'शाई : पेन' हे भाग-पूर्णच्या यादीतच लिहिलेलं होतं. पाचवीतली एक मुलगी म्हणाली, सर, शाई संपली की पेन अर्धा होतो का? मी म्हटलं नाही होत. ती म्हणाली, मग स्प्रिंग हरवली की? म्हटलं, स्प्रिंग हरवली तर पेन मोडला म्हणतात. ती म्हणाली, हां मग शाई भाग नाही, शाई भरलेली आहे.

त्या दिवशी ती यादी मी खोडली. शाई : पेन ही जोडी तेल : पणती, डिझेल : ट्रॅक्टर यांच्या रांगेतली आहे, वापरलं की संपणारं आणि परत भरायचं. रिफिल : पेन हा खरा भाग. कंपासपेटी आणि पेन हा तर तिसराच संबंध, ठेवायची जागा. एका पेनात तीन संबंध निघाले. तुम्ही सुद्धा घरातली एखादी वस्तू अशी उघडून बघा, जुना टॉर्च असेल तर फारच छान, सेल हा टॉर्चचा भाग की भरलेला माल यावर घरातल्यांशी तासभर भांडता येईल.

आणि ही भांडणं काही आजची नाहीत. आपल्याकडे न्याय-वैशेषिकवाल्यांनी, म्हणजे जुन्या भारतीय तत्त्वज्ञानाच्या दोन शाखांनी, अवयव आणि अवयवी, म्हणजे भाग आणि भागवाला, यावर पिढ्यानपिढ्या बौद्धांशी वाद घातलाय. कापड ही धाग्यांपेक्षा वेगळी वस्तू आहे की धागे एकत्र आले त्यालाच आपण कापड म्हणतो, हा त्यांचा नेहमीचा दाखला. भरतीला हे विचारत नाहीत, पण 'धागा : कापड' हे विचारतात, आणि ते 'वीट : भिंत'च्या जवळचं की 'चाक : गाडी'च्या, हा तोच प्रश्न लहान कपड्यात.

बरं, आता मुद्द्याची गोष्ट. 'भाग' या एका शब्दाखाली वेगवेगळे संबंध लपलेत हे ज्याला कळलं त्याचं निम्मं काम झालं. १९८७ साली विन्स्टन, चॅफिन आणि हरमन या तीन संशोधकांनी यावर एक निबंध लिहिला होता, त्यात त्यांनी भागाचे सहा प्रकार केलेत. मला तो वाचल्यावर वाटलं की अरे हे तर आपल्या पेपरमधल्या ऑप्शनचं पोस्टमॉर्टेम आहे. त्यांची उदाहरणं सायकल, जहाजं आणि पाय नावाच्या गोड पदार्थाची आहेत, मी आपली देतो.

पहिला, यंत्राचा किंवा वस्तूचा सुटा भाग. चाक : बैलगाडी, काटा : घड्याळ, फाळ : नांगर. दुसरा, समूहातला एक. मेंढी : कळप, केळं : घड. तिसरा, एकाच मालाचा तुकडा. फोड : कलिंगड, ढेप फोडून काढलेला खडा : गूळ. चौथा, ज्याचं बनलंय तो पदार्थ. माती : पणती. पाचवा, कामाचा टप्पा. पेरणी : शेती, सप्तपदी : लग्न. सहावा, मोठ्या जागेतली छोटी जागा. संजीवनी माची : राजगड.

हे पाठ करायची गरज नाही. त्यांच्याच निबंधात हे ओळखायच्या ज्या तीन कसोट्या आहेत त्या मी क्लासमध्ये सोप्या करून वापरतो. या भागाला ठरलेलं काम किंवा ठरलेली जागा आहे का? हा भाग पूर्ण वस्तूसारखाच आहे का? आणि हा वेगळा काढता येतो का? चाकाला काम ठरलेलं आहे, ते गाडीसारखं दिसत नाही, आणि निघतं. कलिंगडाच्या फोडीला वेगळं काम काही नाही, पण चव तीच, रंग तोच, आणि निघते. मेंढीला कळपात ठरलेलं काम नाही, एक मेंढी म्हणजे काही छोटा कळप नव्हे, पण कळपातून ती वेगळी काढता येते, आणि काढली तरी कळप कळपच राहतो. मातीला यातलं काहीच लागत नाही, पणतीतून माती काढून दाखवा बघू. राजगडाची माची उचलून वेगळी ठेवता येत नाही, पण ती पण गडच आहे.

एवढं केलं की 'पाकळी : फूल' ला 'मेंढी : कळप' का चालत नाही आणि 'पातं : पंखा' का चालतं हे आपोआप दिसायला लागतं. मधली एक पाकळी गळाली तर फूल खंडलं असं म्हणतो आपण.

समूहवाल्या प्रकारावर थोडं जास्त थांबतो कारण मराठी पेपरमध्ये हा हुकमी येतो, तुमच्या मराठी व्याकरणाच्या भागात पण समूहदर्शक शब्द असतातच, म्हणजे एका तयारीत दोन ठिकाणचे मार्क. आंब्यांची अढी, भाकऱ्यांची चवड, नाण्यांची चळत, मडक्यांची उतरंड, किल्ल्यांचा जुडगा, फुलझाडांचा ताटवा, बांबूंचं बेट, करवंदांची जाळी, पोत्यांची थप्पी, पक्ष्यांचा थवा, जहाजांचा काफिला. नुसती यादी घोकणारी पोरं इथे पण अडकतात. 'भाकरी : चवड :: ? : ?' आणि ऑप्शनमध्ये 'नाणं : चळत' आणि 'पक्षी : थवा' दोन्ही असले तर? दोन्ही समूहच आहेत. कासरा ओढा: चवड म्हणजे एकावर एक रचलेल्या भाकऱ्या. नाण्यांची चळत पण एकावर एक. थवा रचत नाहीत, तो उडतो. उत्तर नाणं : चळत. आणि उतरंड पण एकावर एकच, पण खाली मोठं मडकं आणि वर लहान होत जातं, म्हणजे अजून एक अट घालायला जागा आहे. ज्याने आजीच्या घरी उतरंड पाहिलीय त्याला हे सांगावं लागत नाही.

आता तुम्ही तलाठीची तयारी करताय म्हणून एक खास तुमच्या उपयोगाची गोष्ट. साखळीतल्या पायऱ्या. 'तालुका : जिल्हा :: जिल्हा : ?' आणि ऑप्शनमध्ये राज्य पण आहे आणि विभाग पण आहे. पोरं राज्य मारून मोकळी होतात. पण महाराष्ट्रात जिल्हा आणि राज्य यांच्या मधे महसुली विभाग आहे, असे सहा विभाग आहेत, कोकण, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती, नागपूर. मग लगेचची वरची पायरी म्हणून विभाग बरोबर. इथपर्यंत बरेच क्लासवाले सांगतात. पण जरा थांबा, तालुका आणि जिल्हा यांच्या मधे पण एक पायरी आहे ना, उपविभाग, जिथे प्रांताधिकारी बसतात. म्हणजे दिलेल्या जोडीतच एक पायरी सोडलेली आहे. मग एक पायरी सोडायची म्हटली तर जिल्ह्यावरून विभाग सोडून राज्यच येतं! मी हा प्रश्न एकदा स्टाफरूममध्ये टाकला होता, चहा गार झाला पण निकाल लागला नाही. महसुलाची पूर्ण शिडी गाव, सज्जा (एका तलाठ्याकडची गावं), मंडळ (काही सज्जे मिळून), तालुका, उपविभाग, जिल्हा, विभाग, राज्य अशी आहे, तुम्ही ज्या पदाला बसताय तिथे ही रोज लागणार आहे, तेव्हा ही पाठ असू द्या. परीक्षेत मात्र दोन्ही ऑप्शन समोर आले तर मी विभाग मारीन, कारण पेपर काढणाऱ्याने विभाग हा ऑप्शन मुद्दाम आणून ठेवलाय म्हणजे त्याला लगेचची पायरी विचारायचीय असं मला वाटतं. वाटतं म्हणतोय, खात्रीने सांगत नाही.

साखळीचा अजून एक फास आहे. नख बोटाचा भाग, बोट हाताचा भाग, म्हणून नख हाताचा भाग, हे चालतं. आता हात शिपायाचा भाग, शिपाई पलटणीचा भाग, म्हणून हात पलटणीचा भाग? कानाला खटकलं ना. कारण मधेच प्रकार बदलला, शरीराच्या अवयवावरून आपण समूहातल्या एकावर उडी मारली. ऑप्शनमध्ये अशी उडी मारलेली जोडी दिसली की ती सोडून द्यायची.

मापांच्या जोड्या दिसायला सोप्या असतात म्हणून त्यात गाफील राहू नका. 'इंच : फूट' ला 'दिवस : आठवडा' आणि 'महिना : वर्ष' दोन्ही भाग-पूर्णच आहेत, पण १२ चा हिशोब फक्त महिना : वर्षला लागतो. तसंच 'पैसा : रुपया' ला 'वर्ष : शतक', १०० चा हिशोब. माझी आवडती जोडी 'गुंठा : एकर :: शेर : मण', दोन्हीकडे ४०. हल्लीच्या पोरांना शेर-मण माहीत नाही पण गुंठा सगळ्यांना माहीत असतो, गुंठ्यावरून भावकीत कोर्टापर्यंत गेलेली घरं गावोगाव आहेत.

प्रकार आणि भाग यात गोंधळ होतो त्याचं थोडक्यात सांगतो. 'गुलाब हे फूल आहे' असं म्हणता येतं, 'पाकळी हे फूल आहे' असं म्हणता येत नाही, म्हणून गुलाब प्रकार आणि पाकळी भाग. सोपं आहे. पण चैत्र : महिना आणि चैत्र : वर्ष या दोन जोड्या शेजारीशेजारी आल्या की भलेभले घसरतात. चैत्र हा महिन्याचा एक प्रकार आणि वर्षाचा एक भाग. सोमवार : वार आणि सोमवार : आठवडा तसंच. षड्ज : स्वर आणि षड्ज : सप्तक तसंच. पहिला शब्द तोच राहतो आणि दुसऱ्यावर सगळं फिरतं, म्हणून घाईत पहिला शब्द वाचून उत्तर ठरवणारे इथे हमखास जातात.

भांडं आणि आतली वस्तू हा पण भाग-पूर्णचा सख्खा शेजारी. बाण : भाता, तलवार : म्यान, हे भाग नाहीत, ठेवायची जागा आहे. तलवारीचा भाग म्हणजे मूठ. बाणाचा भाग म्हणजे टोक, किंवा मागचं पीस. वात : पणती मात्र मला आजही मधेच लोंबकळताना दिसते, वात जळून संपते म्हणजे ती तेलाच्या बाजूला, पण वातीशिवाय पणती उजेड देत नाही म्हणजे ती फाळाच्या बाजूला. अशा वेळी स्वतःशी तत्त्वज्ञान न करता ऑप्शनकडे बघायचं. तिथे 'फिलामेंट : बल्ब' असेल तर काढणाऱ्याच्या डोक्यात 'उजेड देणारा भाग' आहे, तिथे 'पेट्रोल : गाडी' असेल आणि फिलामेंट नसेल तर त्याच्या डोक्यात 'जळणारं' आहे. हे मी ट्रिक म्हणून सांगत नाहीये, पेपर हा शेवटी कुणातरी माणसाने काढलेला असतो एवढंच ध्यानात ठेवा.

आता यातलं काय परिस्थितीवर अवलंबून आहे ते पण प्रामाणिकपणे सांगायला हवं. वाक्याची पद्धत कितीही चांगली असली तरी शब्दच माहीत नसेल तर ती पांगळी. माझ्याकडे शहरातून आलेली एक मुलगी होती, गणितात इतरांच्या दोन पावलं पुढे, पण 'रहाट : विहीर' वाचून तिने रहाट म्हणजे पाणी गढूळ होणं असं काहीतरी समजून उत्तर दिलं. तिच्या शेजारी बसणाऱ्या मेंढपाळाच्या पोराने तो प्रश्न चार सेकंदात सोडवला, आणि 'कर्सर : स्क्रीन'ला तोच पोरगा अडला. यात हुशारीचा प्रश्न कुठे आला? अमेरिकेत पण हाच वाद झाला होता. तिथल्या एसएटी या कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेत 'धावपटू : मॅरेथॉन' ला उत्तर होतं 'वल्हेकरी : रेगाटा', रेगाटा म्हणजे होड्यांच्या शर्यती. ज्यांच्या घरी होड्यांच्या शर्यती कुणी पाहिल्याच नाहीत त्यांनी काय करायचं, असं लोक विचारायला लागले आणि हे उदाहरण गाजलं. पुढे २००५ पासून एसएटीमधून समसंबंध काढूनच टाकले, २०११ मध्ये जीआरई या पदव्युत्तर प्रवेशाच्या परीक्षेतून पण गेले. आपल्याकडे ते ठाण मांडून आहेत, तेव्हा तुम्ही शहरातले असाल तर शेतीची अवजारं, बैलगाडी, जातं, चूल, माग यांचे भाग मुद्दाम बघून ठेवा, यादीतून नाही, कुणाच्या तरी परसात जाऊन. जात्याचा खुंटा एकदा हातात धरला की कधी विसरत नाही.

दुसरं, सगळेच प्रश्न चांगले नसतात. काही सरळसरळ इंग्रजीतून उचलून मराठीत आणलेले वाटतात आणि आणताना जोडीचा जीव गेलेला असतो. काही प्रश्नांना दोन उत्तरं खरंच बरोबर असतात. तसा प्रश्न आला की काय करायचं? चूक उत्तराला मार्क कापत नसतील तर जास्त घट्ट वाक्य ज्याला लागतं ते मारून पुढे जायचं. उत्तरतालिका आल्यावर हरकत घेता येते ते खरंय, पण भूगोलाच्या प्रश्नाला पाठ्यपुस्तकाचं पान जोडता येतं, समसंबंधाला पुरावा म्हणून काय जोडणार? त्यामुळे तुमच्या दांडा-पातं प्रश्नावर टेस्ट सिरीजवाल्यांशी भांडू नका, तो प्रश्न चांगला आहे. भांडायचं तर उपविभागाच्या प्रश्नावर भांडा.

वेळेचं पण बघा. पोलीस भरतीला १०० प्रश्न आणि ९० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. तलाठीला १०० प्रश्न आणि १२० मिनिटं, म्हणजे ७२ सेकंद. गणिताला यातले जास्त द्यावे लागतात म्हणजे समसंबंधाला २०-२५ सेकंदांच्या वर देणं परवडत नाही. मी वर जी सहा प्रकारांची आणि तीन कसोट्यांची लांबड लावली ती परीक्षा हॉलमध्ये करायची नाहीये, ती घरी करायची म्हणजे हॉलमध्ये हात आपोआप चालतो. तिथे फक्त वाक्य, चार ऑप्शन, अडलं तर एकदा कासरा, आणि पुढे.

शेवटी तुमचा दुसरा प्रश्न, किती सोडवायचे. हजार-दोन हजार सोडवणारे मी पाहिलेत आणि त्यांचे मार्क तिथल्या तिथेच असतात, कारण ते उत्तर बघतात आणि टिक करून पुढे सरकतात. त्यापेक्षा रोज दहाच घ्या. पण प्रत्येकात चारही ऑप्शनच्या समोर संबंध लिहा, चुकीच्या तिघांच्या समोर पण. म्हणजे भाग, काम अमुक. पदार्थ. वापरणारा. ठेवायची जागा. उलटा क्रम, म्हणजे पूर्ण आधी आणि भाग नंतर, हा पण एक आवडता फास आहे, 'पुस्तक : पान' देऊन ऑप्शनमध्ये 'फांदी : झाड' टाकायचं. तीन आठवडे असं लिहिलंत की दोनशेच्या वर प्रश्न होतात आणि आठशेच्या वर जोड्या हाताखालून जातात, त्यातल्या सहाशे चुकीच्या. शिकायला मिळतं ते त्या सहाशेतून. सुरुवात वाटलं तर त्याच प्रश्नापासून करा, दांड्याच्या समोर लिहा 'भाग आहे, पण धरायचा', आणि खाली त्याला शोभेल अशी नांगराची जोडी लिहा.